दीड मूठ

आमच्या चुलीपाशी दोन डबे असत.
एक आमचा, झाकण न बसणारा.
दुसरा बिस्किटांचा, विरत गेलेल्या दोन राजहंसांचा.
तो आमचा नव्हता.

दोन्ही वेळा, तांदूळ धुण्याआधी,
नू त्यातून एक मूठ काढून दुसऱ्या डब्यात टाकी.
आमच्या मिझो डोंगरांत याला बुहफाइ थाम म्हणतात.
मूठभर तांदूळ, इतकंच.
तेव्हा प्रार्थनाही नसे;
बहुतेकदा ती कोंबडीला हाकलत असे, नाहीतर मला.

नूच्या, म्हणजे आईच्या, उजव्या हाताला तीनच बोटं.
दोन बांबू तोडताना गेली, मी जन्मायच्या आदल्या वर्षी.
मूठ मिटली तरी कडेनं दाणे गळत,
म्हणून ती पुन्हा हात घाली
आणि अर्धी मूठ आणखी घेई.
"तुला बोटं नाहीत हे देवाला कळतं की," मावइया म्हणे.
"देवाला कळतं रे. पण ज्याच्या ताटात पडणार
त्याचं पोट काय माझी बोटं मोजत बसतं?"

शनिवारी पी थनसियामी चढ चढून यायची,
पाठीवर वेताची टोपली, पट्टा कपाळावर,
धापा टाकत, कुणाकडे काय शिजलंय ते सांगत.
राजहंसांचा डबा टोपलीत उपडा व्हायचा,
सर्र आवाज यायचा,
आणि मला वाटायचं, गेलं आपलं.

मग पा आजारी पडले.
खोकल्याची उबळ आली की रुमाल लाल.
झूमचं शेत जाळून झालं, पेरायला कुणी नाही.
आमच्या डब्यात हात घातला की पत्रा लागू लागला.
नू कुणाला काही बोलली नाही.
मेली असती, पण बोलली नसती.

तरी एका संध्याकाळी पी थनसियामी आली,
टोपली या खेपेला चढतानाच भरलेली.
दारात ठेवली, चहा नको म्हणाली,
गुडघे धरत उतरली.

तांबडा, पांढरा, जाडा, बारीक,
मध्येच चिकट जांभळे दाणे,
कुणाच्या घरचा धूर, कुणाच्या घरच्या मुंग्या.
सुपात घेतला तर अख्खी उतरण दिसावी,
वरच्या घरापासून झऱ्यापर्यंत.

असा तांदूळ एकसारखा शिजत नाही.
थोडा गिच्च होतो, थोडा दाताखाली कचकचतो.
मावइयानं तोंड वाकडं केलं.
पा हसले, त्या महिन्यात पहिल्यांदा.
"खा. सगळा गाव आहे पातेल्यात,
एकसारखा कसा शिजेल?"

दुसऱ्या सकाळी नूनं त्यातूनच मूठ काढली.
मी तिचं मनगट धरलं.
"हा आपल्याला दिलाय!"
"हो ना. म्हणजे आपला झाला."
मनगट सोडवून घेतलं,
मूठ टाकली, मग अर्धी.
मी रडले. भुकेनं, रागानं.
श्रद्धेनं नाही, खोटं कशाला सांगू.

रविवारी पाळक म्हणाले, देव पुरवतो.
मी बाकांवरची डोकी न्याहाळत बसले:
तांबडा तांदूळ कुणाचा? मुंग्या कुणाकडच्या?
त्या वर्षी मी देवाला असाच शोधत होते,
माणसांच्या पाठमोऱ्या मानांवरून.
सापडला का, सांगता येत नाही.
पी थनसियामीची मान मात्र पट्ट्यानं आखडलेली असे,
स्तोत्राला उभी राहताना ती हातानं चोळी.

पा पावसाळ्यानंतर गेले.
भात होता, तरी गेले.
शवपेटीच्या फळ्या कुणी आणल्या
तेही आम्हाला विचारावं लागलं नाही.

आता मी ऐझॉलला, चौथ्या मजल्यावर.
गॅस आहे, कुकर आहे,
तांदूळ पिशवीतून येतो, एका जातीचा,
दाणा न् दाणा सारखा शिजतो.
ओट्यावर एक डबा वेगळा.
लेक विचारते, आई, मूठ तर झाली,
परत का हात घालतेस?

माझी पाचही बोटं शाबूत आहेत.
मूठ घट्ट मिटते,
एक दाणा गळत नाही.

तरी हात पुन्हा आत जातो.